पहिला अंगठा

घंटाबाईला अक्षर वाचता येत नव्हतं, पण घड्याळ वाचता यायचं, आणि शाळेचं त्यावर भागत होतं. सतरा वर्षं ती त्या माध्यमिक शाळेत घंटा देत होती. घंटा म्हणजे काय, तर रुळाचा हातभर तुकडा, व्हरांड्याच्या वाशाला तारेनं टांगलेला. पहिल्याच वर्षी ती तार तुटून तिच्या उजव्या अंगठ्यात घुसली आणि मधोमध एक तिरपी पांढरी रेघ कायमची ठेवून गेली. तिचं खरं नाव मस्टरवर असेल तेवढंच. वस्तीत, शाळेत सगळे घंटाबाईच म्हणायचे, आणि नवऱ्याचं डोकं फिरलं की तो नुसतं 'घंटे' म्हणायचा.

नवरा मिठागरावर. वस्तीतलं कोण नव्हतं मिठागरावर! उजाडायच्या आत फावडी खांद्यावर टाकून माणसं निघायची ती ऊन उतरेपर्यंत वाफ्यांतल्या खाऱ्या पाण्यात उभी. मीठ ओढायचं, बांधावर ढीग लावायचे, पुन्हा पाणी सोडायचं. डोळे पांढऱ्या उजेडानं मिटायला यायचे. पण डोळ्यांचं काही नाही, पायांचे हाल बघवत नव्हते. टाचा फाटायच्या, भेगांत मीठ जाऊन बसायचं आणि भेगांची भोकं व्हायची. घंटाबाईच्या नवऱ्याच्या डाव्या टाचेत तर करंगळीचं टोक जाईल एवढं भोक होतं.

ते भोक रोज संध्याकाळी त्याची लेक धुवायची. तिला घरात बारकी म्हणत, कारण जन्मली तेव्हा ती अगदीच हातभर होती. आता दहावीला होती आणि आईपेक्षा उंच झाली होती, तरी बारकीच. कोमट पाणी, स्वच्छ फडकं, मग दवाखान्यातल्या सिस्टरनं दिलेलं पिवळं मलम.

"कडेकडेनं पुसायचं," ती बापाला सांगायची, जणू बाप शिकायला आला होता. "मधे हात घातला की आतली घाण आणखी आत जाते."

"अगं, मेलो! हळू!"

"ओरडा. ओरडल्यानं बरं वाटतं, सिस्टर म्हणतात."

सिस्टर आणखीही एक म्हणाली होती. बारकीला नर्सिंगला घेता येईल, मी स्वतः नाव घालीन, राहणं-खाणं सरकारी. फक्त दहावी विज्ञान-गणित घेऊन पास व्हायला हवं, निम्मे मार्क पडले तरी पुरे. त्या दिवसापासून त्या घरात दुसरा विषय नव्हता. बारकी पहाटे बापाबरोबर दोन वाफे ओढायची, मग हातपाय धुऊन शाळेत जायची, आणि घंटाबाई तिच्याकडे बघून मनातल्या मनात म्हणायची की ह्या एका पोरीचे पाय तरी खाऱ्या पाण्यातून बाहेर निघू देत.

आता घोडं कुठं अडलं ते ऐका.

आदल्या वर्षी शाळेचा निकाल पार तळाला गेला होता. दहावीची निम्म्याहून जास्त पोरं विज्ञान-गणितात आडवी झाली. वरून कागद आला की यंदा निकाल सुधारला नाही तर दहावीचा वर्ग बंद. वर्ग बंद म्हणजे पोरांनी दोन तास चालत शहराच्या शाळेत जायचं, म्हणजे कुणीच जायचं नाही. हेडसर चार दिवस चेहरा पाडून बसले आणि पाचव्या दिवशी हसत आले. त्यांना वाट सापडली होती. दहावीच्या परीक्षेला दुसरा पर्याय निघाला होता. त्यात विज्ञान नाही, गणित नाही. त्याऐवजी गृहव्यवस्था आणि परिसर स्वच्छता. नापास व्हायचं म्हटलं तरी होता येणार नाही असे विषय. नेहमीच्या परीक्षेचा फॉर्म पांढरा, ह्याचा पिवळा. सराव परीक्षेत गचके खाल्लेल्या पंधरा पोरांची हेडसरांनी यादी केली. त्यांना पिवळ्यावर घालायचं, की निकाल आपोआप वर.

फक्त पिवळ्या फॉर्मवर पालकाची सही नाहीतर अंगठा हवा होता, आणि वस्तीतले लोक अंगठा द्यायला तयार नव्हते.

त्यालाही कारण होतं. फार वर्षांपूर्वी एका ठेकेदारानं कोऱ्या कागदांवर सगळ्यांचे अंगठे घेतले होते आणि महिन्याभरात वस्तीचे स्वतःचे वाफे त्याचे झाले होते. तेव्हापासून वस्तीनं कानाला खडा लावला. जो कागद घेऊन येईल त्यानं पहिला अंगठा स्वतःचा उठवायचा, आमच्या डोळ्यांदेखत, आणि तो सुद्धा तसल्याच कागदावर. मग आम्ही. औषध फवारणारा आला, मोजणीवाला आला, मतांसाठी आलेले आले. ज्यानं अंगठा काळा केला त्याचं काम झालं, नाहीतर चहासुद्धा मिळाला नाही.

हेडसरांनी घंटाबाईला खोलीत बोलावलं. खुर्चीवर बसवलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा.

"घंटाबाई, लोक तुमचं ऐकतात. तुम्हीच जा घरोघर."

"जाईन की सर. पण ते म्हणतील, पहिला अंगठा तुझा उठव."

"मग उठवा."

"माझी बारकी तुमच्या यादीत नाही ना सर? तिला विज्ञान पाहिजे."

"छे छे! तिचं नाव यादीत कसं असेल? ती तरून जाईल." हेडसरांनी एक पिवळा फॉर्म पुढं ओढला आणि भराभर भरला. "हा नुसता दाखवायला. लोकांना दिसलं पाहिजे की घंटाबाईनं स्वतःच्या मुलीचा दिलाय. काम झालं की फाडून टाकू. आणि हे बघा, ह्या कामात शाळा वाचली तर तुम्हाला कायम करायचं मी स्वतः बघतो. सतरा वर्षं हंगामी म्हणजे काय, आम्हालाच लाज वाटते."

शाईचा पॅड उघडाच होता. घंटाबाईनं अंगठा दाबला. चांगला ठसठशीत उठला, मधली तिरपी रेघ सुद्धा आली.

तीन दिवस ती मिठागरभर फिरली. उन्हात बांधाबांधावरून, बगलेत पिवळे कागद, हातात शाईचा पॅड. माणसं फावडं टेकून उभी राहायची.

"तुझ्या पोरीचा दिलास?"

"हा काय! डोळे फुटलेत का? माझा अंगठा ओळखत नाहीस?"

माणूस वाकून बघायचा. ती रेघ सगळ्या वस्तीला माहीत होती. "घंटाबाई आपल्याच पोरीचं वाईट करील होय!" असं म्हणून तो ओला हात विजारीला पुसायचा आणि अंगठा पुढं करायचा. नवऱ्याच्या वाफ्याकडे तेवढी ती गेली नाही, आणि बाकीच्यांना बजावायची की आमच्या घरी बोलू नका, पोरगी रुसेल, मीच सांगेन. तिला आत कुठंतरी टोचायचं, नाही असं नाही. पण ती स्वतःला सांगायची, ह्यांची पोरं तरी पास होतील, नाहीतर काय होणार होतं त्यांचं. आणि मग लोकांनी दिलेला चहा प्यायची. खोटं कशाला बोला, तिला ते तीन दिवस आवडले होते. लोक आपला शब्द मानतात हे कुणाला आवडत नाही?

चौदा अंगठे झाले. पंधरावा राहिला तो खवट आजीचा. ही म्हातारी एका नातवाला घेऊन वस्तीच्या टोकाला राहायची आणि आल्यागेल्याला शिव्या घालायची. घंटाबाईचा कागद तिनं हातात घेतला, उलटा केला, वास घेतला.

"तुझी पोरगी तर हुशार आहे म्हणतात. तिला कशाला हलक्यात घातलीस?"

घंटाबाई पॅड पुढं करत म्हणाली, "सोपं पडतं आजी. पास होईल."

"मग माझा नापास होऊ दे. एकदा नापास झाला म्हणून काय मरतो? जा. मी अंगठा देत नाही."

"अगं आजी, ऐक तर खरं..."

"तुझा अंगठा खरा आहे, पण तुझं तोंड खोटं आहे. नीघ."

घंटाबाईनं कागद हिसकून घेतला. मेली थेरडी, म्हणत ती परत आली आणि गठ्ठा हेडसरांपुढं ठेवला.

"चौदा झाले. खवट आजी देत नाही. आणि तो वरचा माझा, तेवढा फाडा सर."

"हो हो," हेडसर म्हणाले आणि गठ्ठा खणात टाकला. तेवढ्यात मधल्या सुट्टीची वेळ झाली म्हणून घंटाबाई घंटेकडे पळाली.

तीन महिन्यांनी हॉल तिकिटं आली. बारकी ऑफिसच्या खिडकीपाशी तिकीट हातात घेऊन उभी राहिली आणि हललीच नाही. मागची पोरं ढकलायला लागली तरी हलली नाही. मग सरळ हेडसरांच्या खोलीत शिरली. घंटाबाई तिथंच फरशी पुसत होती.

"सर, ह्यावर गृहव्यवस्था लिहिलंय. विज्ञान नाही. गणित पण नाही."

हेडसरांनी चष्मा लावला, काढला. घंटाबाईच्या हातातलं फडकं बादलीत पडलं.

"काहीतरी चूक झालेली दिसते छपाईत," हेडसर म्हणाले.

"पण ह्याला तर पालकांचा अंगठा लागतो. माझा कुणी दिला?"

हेडसरांनी घंटाबाईकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मग ते म्हणाले, "तू वर्गात जा बेटा, मी बघतो." पोरगी गेल्यावर त्यांनी दार लोटलं.

"सर, तुम्ही फाडणार होतात!" घंटाबाई म्हणाली.

"फाडणारच होतो. पण पंधरा पोरं असल्याशिवाय ही पिवळी परीक्षा शाळेला मिळतच नाही. चौदांना नाही मिळत. त्या म्हातारीनं दिला असता तर प्रश्नच नव्हता. तो अंगठा तुम्हाला आणता आला नाही."

"मग आता काढा तिला त्यातून. मी पाया पडते."

"काढतो. काढायला कितीसा वेळ लागतो?" हेडसर शांतपणे म्हणाले. "तुम्ही लिहून द्या की अंगठा खोटा होता, दाखवायचा होता. ती एक निघाली की उरले चौदा, म्हणजे सगळी तुकडी रद्द. मग परवा त्या चौदा पोरांना विज्ञानाला बसू दे. ती नापास होतील, शाळेचा वर्ग जाईल, तुमची घंटा जाईल. आणि मिठागरावर जाऊन त्या चौदा घरांना तुम्ही सांगायचं की मी खोटा अंगठा दाखवून तुमचे खरे घेतले. जाता?"

घंटाबाई भिंतीला टेकली. तिच्यापुढं बांधावरचे ते चेहरे आले, फावडं टेकून वाकून बघणारे. फावड्याचा एक घाव पुरतो माणसाला.

"निकालानंतर विषय बदलून मिळतात," हेडसरांचा आवाज आता मऊ झाला. "मी स्वतः वर लिहीन. मुलगी हुशार आहे, तिचं काय अडतंय? पोरीला फक्त एवढंच सांगा की छपाईची चूक आहे."

आणि घंटाबाईनं तेच सांगितलं. संध्याकाळी बारकी बापाची टाच धूत होती तेव्हा चुलीकडे तोंड करून सांगितलं. बाप खवळला. "त्या हेडमास्तरची तंगडी मोडतो!" म्हणून उठायला गेला आणि टाच टेकताच कळवळून खाली बसला.

"बसा बाबा," बारकी म्हणाली. "निकालानंतर बदलतात ना, मग झालं. आई सारखी तिथंच असते, ती सरांच्या मागं लागेल. लागशील ना गं आई?"

"लागेन की," घंटाबाई म्हणाली. तिला स्वतःच्या जिभेची किळस आली.

विज्ञानाच्या दिवशी सकाळपासूनच भट्टीसारखं तापलं होतं. पांढऱ्यावाली सोळा पोरं मोठ्या खोलीत, पिवळ्यावाली पंधरा शेजारच्या छोट्यात. बारकीचं कंपासपेटीचं झाकण पडलं, तिनं ते उचललं आणि छोट्या खोलीत गेली. घंटाबाईनं हातोडी उचलली. सतरा वर्षांत नेम कधी चुकला नव्हता, त्या दिवशी पहिला घाव रुळाच्या कडेला घसरला आणि भलताच आवाज निघाला. पोरं हसली.

पिवळा पेपर तासाचा. बाटली कशी धुवावी, कचरा कुठं टाकावा. बारकी तो वीस मिनिटांत लिहून बाहेर आली आणि घंटेखालच्या पायरीवर बसली. तेवढ्यात विज्ञानाच्या बाई मोठ्या खोलीतून बाहेर आल्या. वर्षभर ह्या पोरीला त्यांनी शिकवलं होतं. मोठ्या खोलीत एक पोरगं तापानं आलं नव्हतं, त्याची प्रश्नपत्रिका उरली होती. बाईंनी ती मुकाट्यानं बारकीच्या मांडीवर ठेवली.

बारकीनं पेपर सोडवायला घेतला. वहीच्या मागच्या पानांवर, पायरीवर, उन्हात. सावली सरकत गेली तशी तीही सरकत गेली. घंटाबाई दोन हातांवर उभी होती आणि पोरीची मान बघत होती. मानेवर घाम, त्यात सकाळच्या मिठाची पांढरी कणी. एकदा ती म्हणाली, "पाणी देऊ?" बारकीनं वर न बघता बोटानं गप्प केलं.

वेळ संपली. घंटाबाईनं घंटा दिली आणि बारकीनं पेन खाली ठेवलं. अगदी घंटेवर. आतल्यांसारखं.

विज्ञानाच्या बाईंनी ती पानं तिथंच उभ्या उभ्या तपासली. लाल पेन नव्हतं म्हणून बोटानं मोजलं. "एक्काहत्तर," त्या म्हणाल्या. मग त्यांना रडू आलं आणि त्या स्टाफरूमकडे निघून गेल्या. बारकीनं पानं फाडून घडी केली आणि आईच्या हातात दिली. "ठेव. सरांना दाखवायला उपयोगी पडतील."

ती पानं घंटाबाईनं पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवली, जिथून ती पुन्हा निघाली नाहीत.

निकाल लागला तो मीठ सगळ्यात जोरात पिकायच्या दिवसांत. एकतीस पोरांतली सत्तावीस पास. शाळेत गोडाचं काही आणलं नव्हतं, पण हेडसरांचं तोंड पेढा खाल्ल्यासारखं झालं होतं. पिवळ्यावाली पंधराच्या पंधरा पास, आणि त्यांत पहिली बारकी. शंभरातले अठ्ठ्याण्णव. बाटली तिच्यासारखी कुणी धुतली नव्हती. पांढऱ्यावाल्यांतली चार गेली. त्यांत खवट आजीचा नातू. सगळी वस्ती म्हातारीला हसली. "काय आजी, हलकं नको होतं ना? घ्या आता जड!"

घंटाबाईनं वाट बघितली नाही. दुपारीच सिस्टरकडे पोरीला घेऊन गेली. सिस्टरनं गुणपत्रिका वाचली, पुन्हा वाचली आणि परत दिली.

"अठ्ठ्याण्णव आहेत हो सिस्टर!" घंटाबाई म्हणाली.

"बाई, हे अठ्ठ्याण्णव नसते आणि विज्ञानाचे पन्नास असते तर मी आज नाव घातलं असतं." सिस्टर बारकीकडे बघू शकली नाही. "विषय बदलून मिळतात का ते ऑफिसात विचारा."

शाळेच्या ऑफिसातला क्लार्क माणूस वाईट नव्हता, फक्त दमलेला होता. कागद न बघताच बोलला.

"विषय बदलून? नाही मिळत. एकदा दहावी पास झाली की पास झाली. पुन्हा बसता येत नाही."

"हेडसर म्हणाले, निकालानंतर..."

"नापास झालेल्यांना मिळतं. नापास झालेला तीन महिन्यांनी पुन्हा बसतो, विज्ञानाला, गणिताला, कशालाही. त्या म्हातारीचा नातू बसेल बघा. ही पास आहे. पहिली आहे! हिचं खातं बंद झालं."

घंटाबाईनं टेबलावरची गुणपत्रिका उचलली. मग सरळ हेडसरांच्या खोलीत गेली आणि खाली बसली, फरशीवर, जिथं ती रोज पुसायची.

"सर, माझ्या पोरीला नापास करा."

हेडसर आधी हसले. "काय बोलताय?"

"नापास करा तिला. खाडाखोड करा. तुम्हाला येतं सगळं करता. नापास झाली तर बसेल पुन्हा. एक्काहत्तर पडलेत तिला, माझ्याकडे पानं आहेत."

"घंटाबाई, आपली पोरं पास व्हावीत म्हणून लोक माझ्या पाया पडतात," हेडसर म्हणाले, "आणि तुम्ही पहिल्या आलेल्या मुलीला नापास करा म्हणता. डोकं ठिकाणावर आहे का? उद्या सत्कार आहे तिचा. वरचे साहेब येणार आहेत. नीट कपडे घालून या. आणि तुमचं कायमचं पत्र पण त्यांच्याच हातून देतोय." उठता उठता ते थांबले. "पत्र परत घेता येतं, हे पण लक्षात ठेवा."

सत्काराला सगळं मिठागर लोटलं होतं. त्या दिवशी सकाळी वाफे तसेच ठेवून लोक आले, एवढं कौतुक. व्हरांड्यात टेबल, टेबलावर फडकं. हेडसरांनी भाषण केलं. पुढच्या वर्षी निम्म्याहून जास्त वर्ग पिवळ्यावर घालायचा आहे, म्हणाले. आणि कुणाच्या मनात शंका नको म्हणून त्यांनी काचेच्या चौकटीत बसवलेला एक पिवळा कागद उचलून सगळ्यांना दाखवला.

"हा पहिला फॉर्म! ज्या आईनं स्वतः पुढं होऊन पहिला अंगठा दिला, तिचीच मुलगी आज पहिली आली!"

टाळ्या पडल्या. बारकी टेबलाशी उभी होती, गळ्यात हार. हेडसरांनी चौकट तिच्या हातात दिली. तिनं खाली पाहिलं. तो अंगठा तिनं आयुष्यभर पाहिला होता. लहानपणी झोपताना ती त्या तिरप्या रेघेवरून बोट फिरवायची. आता तिनं काचेवरून बोट फिरवलं, रेघेवरून, एकदा. मग मान वर करून आईला शोधलं. घंटाबाई घंटेखाली होती, हातोडी घेऊन, कारण साहेबांच्या हातून पत्र मिळालं की घंटा द्यायची असं ठरलं होतं.

"आई," बारकी म्हणाली. टाळ्या थांबल्या होत्या, त्यामुळं सगळ्यांना ऐकू गेलं. "किती स्वच्छ उठलाय गं तुझा अंगठा."

लोकांना ते फार आवडलं. बायकांनी डोळे पुसले. बापाला भाषणातलं निम्मंच ऐकू आलं होतं, त्यानं मागून ओरडून सांगितलं, "घंटे, बघ, पोरगी कौतुक करते तुझं!" घंटाबाईचा हात वर गेला आणि तिनं घंटा दिली, कारण दुसरं काय करायचं ते तिला सुचेना.

दुसऱ्या दिवसापासून बारकी पूर्ण दिवस वाफ्यात उभी राहायला लागली. कुणी जा म्हटलं नाही, ती गेली. घरी एक शब्द वावगा बोलली नाही. आईनं वाढलं की जेवायची, विचारलं की उत्तर द्यायची. एकदा घंटाबाई म्हणाली, "अगं, शिव्या तरी दे मला." बारकीनं ताट उचललं आणि बाहेर घासायला गेली.

शाळा उघडली आणि पिवळे फॉर्म आले. ह्या खेपेला घरोघर फिरायची गरजच पडली नाही. माणसं आपण होऊन शाळेत आली, व्हरांड्यात रांग लागली. कुणी पहिला अंगठा मागितला नाही. पहिला अंगठा भिंतीवर काचेत टांगलेला होता. हेडसरांनी घंटाबाईला पॅड धरून उभं केलं. ज्यांना नीट दाबता येत नव्हता त्यांचा अंगठा ती हातात धरून दाबून द्यायची. ती आता कायम होती ना! रांगेत खवट आजी नव्हती. तिचा नातू त्या दिवशी शहराला विज्ञानाचा पेपर द्यायला गेला होता.

संध्याकाळी घंटाबाई घरी आली तेव्हा बारकी उंबऱ्यावर बसली होती, उजवा पाय मांडीवर घेऊन. टाच फाटली होती. अजून भोक नव्हतं, पण भेग खोल होती आणि कडेला मीठ पांढरं वाळलेलं होतं. घंटाबाईनं पिशवी टाकली, पाणी कोमट केलं, फडकं घेतलं आणि पोरीच्या पायाशी बसली.

"आण इकडं. मी धुते."

बारकीनं पाय पुढं केला. मग आईचे हात बघितले आणि मागं घेतला.

"हात धुऊन ये आधी. जखमेला शाई लागेल."

रागानं नाही म्हणाली. सिस्टर जसं सांगते तसं सांगितलं.

घंटाबाई मोरीत गेली. साबण लावला, राख लावली, दगडानं घासलं. बोटं लाल झाली. परत येऊन तिनं दोन्ही हात पोरीपुढं धरले. बारकीनं एकेक बोट उलटंपालटं करून पाहिलं, अंगठ्यापाशी थांबली. तिरप्या रेघेत शाई तशीच होती.

"अजून आहे," ती म्हणाली.

घंटाबाई पुन्हा मोरीत गेली.